घरची बातमी आणि परदेशातलं एक वर्ष : सोलापूरकरांनो, तुमचं लिहा

जून २०२३ ते ऑगस्ट २०२४ आम्ही दोघं जर्मनीत, स्टुटगार्टला होतो. ह्यांचं काम वर्षाचं होतं, ते लांबून चौदा महिन्यांचं झालं. तिथलं काय आठवतं असं विचारणाऱ्याला बर्फाबद्दल ऐकायचं असतं. मला मात्र आधी उजनी धरणाची टक्केवारी आठवते.

म्हणून हा धागा. नवरा-बायकोनं बाहेर काढलेलं वर्ष, तिथं घरची बातमी कुणाकडून यायची, आणि आल्यावर तुम्हा दोघांत काय व्हायचं, ते लिहा. आधी मी लिहिते.

पोचून थोडेच दिवस झाले होते. १५ जून २०२३ ला सोलापूरच्या विमानतळाला अडसर ठरलेली साखर कारखान्याची चिमणी पाडली. दोघांनी एकाच मोबाईलवर बघितलं. ती खाली बसली, धूळ उठली, आणि हे म्हणाले, "चला, आता विमान येणार." ह्यांचं घर होटगी रोडला, वीस वर्षं विमानाची वाट बघणारं. माझं माहेर दक्षिण सोलापुरातलं, ऊसवाल्यांचं. आमच्या अण्णांचा ऊस त्याच कारखान्याला जायचा. मला रडू आलं. हे म्हणाले, "त्यात रडण्यासारखं काय आहे?" आणि मी दोन दिवस बोलले नाही.

सोलापुरात असते तर माहेरी फोन लावून तासभर बोलले असते. हे पार्क चौकात मित्रांत जाऊन बोलून आले असते. रात्री दोघं निवळून जेवायला बसलो असतो. तिथं दोन खोल्या, आणि सोलापूर कळणारं माणूस ह्यांना मी एक आणि मला हे एक. घरच्या बातमीवर भांडायचं ते त्याच माणसाशी, आणि समजूत काढायलाही तेच माणूस. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. पुढं २०२५ च्या जूनमध्ये गोव्याचं विमान सुरू झालं, त्याची बातमी ह्यांनी मला अगदी हळू आवाजात सांगितली.

मग पाणी. त्या वर्षी पावसानं दगा दिला, उजनी साठ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबली. बाहेरच्यांसाठी सांगते : धरणात सगळं मिळून ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे तळाचं पाणी. टक्के मोजतात ते त्याच्या वरच्या पाण्याचे. म्हणून आकडा शून्यावर थांबत नाही, त्याच्यापुढं 'उणे' लागतं. हिवाळ्यातच उणे लागलं आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत उणे साठाच्या घरात गेलं. पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडलं, त्याचे फोटो सगळ्यांनी पाठवले.

हे रोज सकाळी दात घासता घासता आकडा वाचायचे. एक दिवस बघितलं, ह्यांनी आकडा वाचला आणि हात पुढं करून नळ बारीक केला. स्टुटगार्टच्या नळाचा आणि उजनीचा काय संबंध? पण दुसऱ्या दिवसापासून मी बेसिनमध्ये पातेलं ठेवून भाज्या धुवायला लागले आणि ते पाणी खिडकीतल्या कढीपत्त्याला घालायला लागले. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

अव्वांना, म्हणजे सासूबाईंना, फोनवर पहिला प्रश्न, "पाणी आलं का?" "आलं की. रात्री दोनला आलं, सव्वा तासानं गेलं." चार-पाच दिवसांनी एकदा येणारं पाणी, त्याला रात्र काय आणि दिवस काय. शहराला पाणी देणाऱ्या औज बंधाऱ्यात पाणी पोचलं की नाही, टाकळीचे पंप चालू आहेत का, हे सगळं अव्वा तोंडपाठ सांगायच्या. भरतंय कोण, एवढंच सांगत नव्हत्या. अप्पांची, म्हणजे सासऱ्यांची, कंबर धरली होती. ते आम्हाला कळलं शेजारच्या पोरानं टाकलेल्या एका फोटोतून. तो टाकीवर चढलेला, आणि मागं खुर्चीत अप्पा, कंबरेला पट्टा बांधून. फोटो गल्लीतल्या रांगोळीचा होता.

जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा. संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा आम्ही मोबाईल खिडकीला टेकवून बघितला. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, सात नंदीध्वज, आणि "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" सुरू झालं तसं ह्यांनी मुठीतल्या अक्षता मोबाईलवर टाकल्या. त्यातले तांदूळ हीटरच्या फटीत गेले. खोली सोडताना मी ते सुईनं काढले, सगळे निघाले नाहीत.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात उजनी शंभरावर गेली तेव्हा आमच्या बॅगा भरून झाल्या होत्या. हे स्वयंपाकघरात येऊन नुसते उभे राहिले. चिमणीनंतर पहिल्यांदाच एका बातमीनं आम्हाला दोघांना सारखंच वाटलं होतं.

*

नवी पेठ. मस्कत, १९९३.

तुमच्याकडं मोबाईल होता ताई. आमच्याकडं एक ट्रान्झिस्टर होता.

३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आम्हाला कळलं ते सकाळी रेडिओवर. लातूर, उस्मानाबाद ही नावं आली आणि बायकोनं हातातली कणीक तशीच ठेवली. फोन लागेना. तीन दिवस आम्ही आळीपाळीनं टेलिफोन बूथवर उभे राहिलो. शेवटी शेजाऱ्यांच्या दुकानात लागला, वडिलांना बोलावून आणलं. ते म्हणाले, "सगळे ठीक आहेत. आम्ही बाहेर अंगणात झोपतोय, एवढंच." पैसे संपले, फोन तुटला. त्या रात्री आम्ही पोटभर जेवलो.

पंधरा-वीस दिवसांनी कामावरचा एकजण गावाहून आला. त्याच्याबरोबर आईनं शेंगाचटणी पाठवली होती, 'संचार'च्या पानांत गुंडाळून. चटणीचं तेल कागदात उतरलेलं, त्या डागातून मागच्या बाजूची अक्षरं दिसायची. घरच्या वर्तमानपत्राचा एवढासा तुकडा बघायला मिळाला की आम्ही जाहिरातींसकट वाचायचो, म्हणून बायकोनं तो ताटावर पसरला. त्यात सास्तूरचं वर्णन होतं. गाव उरलं नाही असं. सास्तूर म्हणजे तिच्या मामाचं गाव. सुट्टीत ती तिथंच वाढलेली.

वडिलांना माहीत होतं. मुद्दाम सांगितलं नव्हतं. मामी आणि धाकटा मामेभाऊ गेले होते.

मी त्या दिवशी रागानं घरी पत्र लिहायला बसलो, तिनं ते फाडलं. म्हणाली, "त्यांनी कुठल्या तोंडानं सांगायचं होतं, तीन मिनिटांच्या फोनवर?" तो तेलकट कागद आजही तिच्या कपाटात आहे. मला तो बघवत नाही.

आणखी एक. आमचे वडील लहानपणी आम्हाला डॉ. कोटणिसांच्या स्मारकाजवळून नेताना सांगायचे, हा सोलापूरचा मुलगा १९३८ ला चीनला गेला, इकडं वडील वारले तरी तिथली शुश्रूषा सोडून आला नाही, १९४२ ला तिथंच गेला. लहानपणी त्यात शौर्य तेवढं दिसायचं. मस्कतच्या त्या खोलीत पहिल्यांदा वाटलं, त्यांना ती बातमी कशी पोचली असेल? हातात पत्र पडलं तेव्हा शेजारी कोण होतं?

*

मोहोळ तालुका. मेलबर्न.

थोडक्यात लिहितो. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला तेव्हा आम्हाला इथं येऊन आठ महिने झाले होते. लांबोटीजवळ पाणी आलं, पुणे महामार्ग बंद झाला. सोलापुरात रात्रीचे आठ म्हणजे आमच्याकडं साडेबारा. बायको एका खोलीत तिच्या माहेरच्या ग्रुपवर, मी दुसऱ्या खोलीत आमच्या. निम्मे व्हिडिओ दुसरीकडचे होते. एका व्हिडिओत वाहून जाणारी म्हैस आमचीच असं मी धरून चाललो आणि भावाला वीस फोन केले. त्याचा मोबाईल बंद, कारण वीज नव्हती. सकाळी त्याचा फोन आला : जनावरं आधीच माळावर नेली होती, दोन एकर सोयाबीन मात्र गेलं.

तेव्हापासून आमचा एक नियम आहे. जे बघायचं ते दोघांनी एका खोलीत बसून बघायचं. आणि ज्याचं माणूस तिथं प्रत्यक्ष आहे त्याचंच खरं धरायचं.

*

पूर्व भाग. टोरांटो, २०१९-२०.

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. लिहिते.

आम्ही पद्मशाली. घरात तेलुगू, दारात मराठी. सासऱ्यांचे टॉवेलचे चार माग. सप्टेंबर २०१९ ला आम्ही एका वर्षासाठी गेलो. मार्चमध्ये विमानं बंद झाली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला, पाच्छा पेठेत, तो कळण्याआधीच गेलेला होता. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं.

रोज संध्याकाळी शहराचा अहवाल निघायचा. तो फिरत फिरत आमच्यापर्यंत यायचा. किती तपासले, किती सापडले, आणि खाली मृतांची माहिती. नाव नसायचं. पेठ, वय, पुरुष की स्त्री. आम्ही तो सकाळी उठल्या उठल्या वाचायचो. अम्मांना, म्हणजे सासूबाईंना, फोन केला की त्या सासऱ्यांबद्दल म्हणायच्या, "नाना झोपलेत." दोन दिवस नाना झोपलेलेच होते. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम म्हटलं, उठवा, बोलायचंय. त्या म्हणाल्या, "घसा बसलाय त्यांचा."

जूनमधल्या एका अहवालात आमच्या पेठेचं नाव होतं. पुरुष, ६७.

माझ्या नवऱ्यानं ती ओळ वाचली आणि मला विचारलं, "नानांना अडुसष्ट पूर्ण झाली ना?" मी म्हटलं, "हो." खोटं बोलले. वाढदिवसाला अजून चार महिने होते. दीराचा फोन येईपर्यंत चाळीस मिनिटं गेली. तेवढा वेळ मी त्याला चहा करून दिला, बिस्किटं काढून दिली, समोर बसले.

अडकलेल्यांना परत आणणारी सरकारची 'वंदे भारत' विमानं होती, पण जागा मिळाली नाही, आणि मिळून तरी क्वारंटाइनचे दिवस धरून काय हाताला लागणार होतं. शेवटचं दर्शन त्याला मोबाईलवरही झालं नाही, कारण तिथं कुणालाच जाऊ दिलं नाही.

मला त्या चाळीस मिनिटांबद्दल तो कधी बोलला नाही. मीच मागच्या वर्षी सांगितलं, मला वय माहीत होतं. तो म्हणाला, "मलाही माहीत होतं."

*

जुळे सोलापूर. सिंगापूर.

आमचं वेगळं. आम्ही तिसऱ्या महिन्यात ठरवून बातम्या बंद केल्या. बायकोची झोप उडाली होती. रविवारी एकदा घरी फोन, बाकी काही नाही. लोकांनी नावं ठेवली, गावाला विसरले म्हणून. विसरलो नव्हतो. मालदांडी ज्वारीची भाकरी रोज होत होती, पीठ मागवून. पण गावापासून दोनशे किलोमीटरवरच्या अपघाताची बातमी रात्री तीनला वाचून आपण कुणाच्या उपयोगाला येतो? मला अजूनही ते बरोबर वाटतं.

*

रेल्वे लाईन्स. मी कुठंच गेले नव्हते.

माझा मुलगा-सून म्युनिकला आहेत. वर काहीजणांनी 'घरच्यांनी सांगितलं नाही' असं लिहिलंय. त्या घरच्यांतली मी एक.

तुम्ही आमच्या बातम्या बघत होता, तसं आम्हीही तुमच्या बघतो. मोबाईलमध्ये सोलापूरखाली म्युनिक लावून ठेवलंय. मे महिन्यात इकडं ४३ आणि तिकडं १५, तर मी सुनेला स्वेटरचं विचारायची आणि ती मला पन्ह्याचं. जानेवारी २०२४ ला तिकडं रेल्वेवाल्यांचा संप झाला, शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर आले. मला ते मुलानं सांगितलं नाही. मी वाचलं. तो कामावर कसा जातोय याची काळजी करत बसले आणि फोनवर काहीच विचारलं नाही, उगाच आईचं टेन्शन नको म्हणून.

गेल्या उन्हाळ्यात मी गच्चीवर पाणी बघायला गेले आणि पडले. मनगट मोडलं. सांगितलं नाही. डाव्या हातानं फोन धरायची. सून हुशार, तिच्या चौथ्या दिवशी लक्षात आलं, आई हल्ली फोन डावीकडं धरतात. मुलगा फार चिडला. म्हणाला, "मग मी रोज फोन कशाला करतो?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मला एवढंच वाटलं होतं, ऐकल्यावर त्याच्या घशाखाली घास उतरणार नाही, आणि मी तिथं नाही ताट पुढं सरकवायला.

मग आमचं ठरलं. जे असेल ते त्याच दिवशी सांगायचं, पण जेवण झाल्यावर. मी आधी विचारते, "जेवलास का रे?" हो म्हणाला की सांगते. गॅसचं, शेजारच्या काकांचं, ह्यांच्या साखरेचं, सगळं.

परवा रात्री त्याचा फोन आला. नेहमीसारखं मी काही विचारायच्या आत तोच म्हणाला, "आई, तुझं जेवण झालं का?"

मी गॅस बंद केला, खुर्ची ओढली आणि बसले. म्हटलं, "झालंय. सांग."