मदत हवी आहे: घरात लग्नाच्या हळदीचा कार्यक्रम आहे आणि बायकोला हळदीचा वासच सहन होत नाही

नमस्कार. बायकोला विचारूनच लिहितोय. तिने वाचून दोन वाक्यं खोडलीसुद्धा.

आम्ही सांगलीचे. तिला डीआयडी आहे, डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर, म्हणजे मन तुकड्यांत विभागलेलं, कधी एक तुकडा पुढे येतो, कधी दुसरा. निदान गेल्या वर्षी झालं. त्याआधी एका ठिकाणी दीड वर्ष स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या चालल्या, कारण डोक्यात आवाज येतात असं तिने सांगितलं होतं. त्याच्याही आधी औदुंबर, नरसोबाची वाडी, दत्ताची ठिकाणं सगळी झाली. आमच्या लग्नात हळद लावताना ती एकदम लहान मुलीसारखं बोलायला लागली, कोपऱ्यात जाऊन बसली, मला ओळखेना. मांडवातल्या बायकांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं, बाहेरचं आहे.

कारण आता कळलंय. लहानपणी, सुट्टीत, हळदीच्या गोदामात, घरातल्याच एका माणसाकडून. याहून जास्त लिहीत नाही (खोडलेली वाक्यं तीच). तो वास आला की ती सात वर्षांची होते. नंतर काही आठवत नाही. तवा जळालेला असतो आणि भाकरी कुणी थापायला घेतली होती हे तिलाच ठाऊक नसतं. आणि राहतो कुठे, तर सांगलीत! सीझनमध्ये मार्केट यार्डाकडून गाडी नेत नाही. घरात वर्षभर बिनहळदीची आमटी आहे. सवय झाली.

थेरपी पुण्याच्या मॅडमकडे, ऑनलाइन, आठवड्यातून एकदा. त्या घाई करत नाहीत. आधी झोप, सुरक्षित वाटणं, भानावर यायची सवय. जुन्या आठवणींना हात नंतर, आणि तुकडे जोडणं त्याच्याही नंतर. वर्षं लागतात म्हणाल्या. यावर थेट औषध नाही, गोळ्या आहेत त्या झोपेच्या आणि डिप्रेशनच्या. मला शिकवलंय ते असं: छोटी (ती सात वर्षांची) आली की खोदून विचारायचं नाही, न विचारता हात धरायचा नाही. पाय फरशीवर टेकव म्हणायचं, आजची तारीख सांगायची, 'तू आपल्या घरी आहेस, दार उघडं आहे' म्हणायचं. दार खरंच उघडं ठेवावं लागतं, ती बघते. कोथिंबिरीची जुडी हातात दिली तर कधी कधी लवकर परतते.

आता अडचण. धाकट्या बहिणीचं लग्न डिसेंबरात, हळद आमच्याच दारात. आईचं म्हणणं, थोरली सून आहे, तिने हळद लावायलाच पाहिजे, पाहुण्यांना काय सांगू? मी समजावलं, एका बाईत चार बाया नाहीत, बाई एकच, नीट जोडली न गेलेली, म्हणून तर मल्टिपल पर्सनॅलिटी हे नाव १९९४ साली बदललं. आई म्हणाली, नाव बदलून गुण येतो होय रे?

बायको म्हणते, बसते मी, किती दिवस पळू. मॅडम म्हणतात निर्णय तिचा, फक्त मधेच उठून जायची सोय ठेवा. भीती मला वाटतेय.

कुणाच्या घरी असं असेल तर कार्याच्या दिवशी काय केलंत? हळदीऐवजी चंदन कुठे चाललंय का, आणि म्हाताऱ्यांना कसं पटवलंत? सांगली-मिरजेत ट्रॉमावर काम करणारं, समोर बसून भेटणारं कुणी आहे का? टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ माहीत आहे, एकदा रात्री अडीचला लावलाय, मराठीत बोलले, धीर आला.

संपादन: वाडीला न्या म्हणणाऱ्यांसाठी. दोनदा नेलंय. तिथे ती शांत झाली होती हेही खरं, घाटावर कृष्णेच्या गार पाण्यात पाय सोडून बसली होती. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, मग मांडवामागे पाण्याची बादली ठेवा.