रॉ डेनिम सहा-सहा महिने धुवायची नाही, हा हट्ट कशासाठी?

निळी_बोटं
माझी जाड, १४ औंसी कापडाची रॉ (म्हणजे रंगवून-विणून न धुताच विकलेली) जीन्स परवा जांघेत फाटली. आठ महिने रोज अंगावर, पाणी एकदाही लागलं नव्हतं. न धुण्याचा नेम मीही निष्ठेने पाळला. रफू करायला घेतली तर शिवणीलगत कापड पार विरलेलं आणि टिपेत बारीक कचकच. घाम-धूळ सुतात बसते आणि प्रत्येक पावलाला घासत राहते. मग हे व्रत नक्की कशासाठी?

ताणाबाणा
फेडसाठी, म्हणजे झिजून उठणाऱ्या फिक्या नक्षीसाठी! ताण्याच्या (उभ्या) सुताचे जाड दोर करून ते निळीत बुडवतात, हवेत धरतात, पुन्हा बुडवतात. नीळ वरवरच बसते, गाभा पांढराच राहतो. जिथे घासेल तिथे तो पांढरा उघडा पडतो. घड्या पक्क्या बसायच्या आत धुतलीत तर रंग सगळीकडून उतरणार. मग मांडीवरच्या मिशा आणि गुडघ्यामागची जाळी, या घड्यांच्या फिक्या खुणा, उठणार कुठून?

साबणचुरा
आणि बसमध्ये शेजारी बसणाऱ्याने काय करायचं?

ताणाबाणा
वारा द्यायचा, रात्रभर दोरीवर टाकायची. २०११ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात एका विद्यार्थ्याने १५ महिने न धुतलेल्या जीन्सवरचे जंतू मोजले. मग तीच धुवून १३ दिवस घातली आणि परत मोजले. आकडे साधारण सारखेच आले.

निळी_बोटं
अहो, जंतूंचं विचारलंच कुणी? मी फाटल्याचं बोलतोय.

जुना_माग
एक गल्लत होतेय. अनसॅनफोराइज्ड, म्हणजे गिरणीत आधीच न आटवलेल्या कापडाला हा नियम लावूच नका. ते पाण्यात १० टक्क्यांपर्यंत आटू शकतं. आधी भिजवून आटवायची, मगच घालायची. नाहीतर सहा महिने जपलेल्या घड्या पहिल्या पाण्यात वर सरकतात आणि गुडघ्यामागची जाळी मांडीवर येते. (माझी आली आहे. हसू नका.)
आणि सेल्व्हेज (विणतानाच काठ बंद झालेलं कापड) म्हणजे मजबूत, हेही डोक्यातून काढा. अरुंद मागावर धोटा फिरतो, बाणा (आडवं सूत) काठाला वळून परत येतो, म्हणून काठ उसवत नाही. एवढंच. काठातला लाल दोरा दिसावा म्हणून जीन्सचे पाय खालून दुमडून फिरणाऱ्यांत मीही आहे, पण कापडाचा कस काठावरून ठरत नाही.

ताणाबाणा
काठाचं मान्य. पण तयार फेड विकत घेण्यापेक्षा आमचं खूळ बरं. तुर्कस्तानात वाळूचा फवारा मारून जीन्स विटवणाऱ्या कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा रोग झाला, माणसं मेली, तेव्हा कुठे २००९ मध्ये तिथे बंदी आली. मी माझी जीन्स स्वतः झिजवतो.

साबणचुरा
हे एकदम पटलं. पण त्याचा न धुण्याशी काय संबंध? धुतलीत तरी झिजवणार तुम्हीच ना?

निळी_बोटं
तेच म्हणतो. ठिगळ लावलं आणि काल उलटी करून गार पाण्यात भिजवली, साबण नावाला. पहिलं पाणी शाईसारखं, तिसरं मातकट. वाळल्यावर पाहिलं, मिशा जागच्या जागी! उलट पांढरं जास्तच खुललंय.

ताणाबाणा
आठ महिन्यांनी धुतलीत म्हणून खुललं. पुढची पहिल्याच महिन्यात धुवा, आणि मग फोटो टाका.