मदत हवी आहे: न्यायाधीशांनी मध्येच राजीनामा दिला तर चौकशीचं काय होतं?

मंडळी, कुणी वकील किंवा कायद्याचे अभ्यासक असतील तर जरा समजावून सांगा. न्यायाधीशांच्या जबाबदारीवर टिपण लिहितोय आणि एकाच जागी गाडी अडली आहे.

कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्या. सौमित्र सेन. रिसीव्हर (वादातली मालमत्ता सांभाळायला कोर्टाने नेमलेली व्यक्ती) म्हणून हाताळलेल्या पैशांच्या अफरातफरीचा आरोप होता. 18 ऑगस्ट 2011 ला राज्यसभेने पदच्युतीचा प्रस्ताव मंजूर केला. लोकसभेत मतदान व्हायच्या आधीच, 1 सप्टेंबरला, साहेबांनी राजीनामा दिला आणि प्रस्ताव तिथेच बारगळला. त्याच वर्षी जुलैमध्ये सिक्कीम उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश न्या. दिनकरन यांनी तर चौकशी समितीच्या टप्प्यावरच राजीनामा दिला होता.

राज्यघटनेच्या कलम 217 प्रमाणे उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाने राष्ट्रपतींच्या नावे सहीचं पत्र दिलं की झालं, मंजुरीची वाट बघावी लागत नाही. उलट खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशाचा राजीनामा मंजूर व्हावा लागतो आणि चौकशी चालू असेल तर तो अडवूनही ठेवता येतो. म्हणजे जितकं पद मोठं तितकी सुटका सोपी? मला तरी हे पटत नाही.

आता विचारायचंय ते असं. माणूसच पदावर नाही म्हटल्यावर 1968 च्या न्यायाधीश चौकशी कायद्याखालच्या समितीला निदान अहवाल पूर्ण करता येतो का? पेन्शनला धक्का लागतो का? आणि सुप्रीम कोर्टाच्या वीरस्वामी निकालाने (1991) न्यायाधीशावर गुन्हा नोंदवण्याआधी सरन्यायाधीशांचा सल्ला घेण्याची जी अट घातली, ती माजी न्यायाधीशालाही लागू राहते का?

एखादा निकाल माहीत असेल तर नाव आणि वर्ष द्या, मी शोधून वाचतो.