कर्नल अपडेटनंतर बूट मेनू दिसू द्यावा की लपवून ठेवावा?

विश्रामबाग (धागा मांडताना)

तासगाव तालुक्यातील एका माध्यमिक शाळेच्या संगणक कक्षाची देखभाल मी सांगलीहून करतो. कक्षात उबुंटू या लिनक्स प्रणालीवर चालणारे ११ संगणक आहेत. गेल्या महिन्यात नवा कर्नल (प्रणालीचा गाभा) आपोआप बसला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांपैकी ४ संगणकांचे वायफाय नाहीसे झाले. या चौघांना यूएसबीचे वायफाय डोंगल लावलेले आहेत. त्यांचा ड्रायव्हर डीकेएमएस या ड्रायव्हर बांधणाऱ्या साधनामार्फत प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो आणि या वेळी तो बांधला गेलाच नव्हता.

जुना कर्नल डिस्कवर शाबूत होता, त्यामुळे त्या दिवसापुरता उपाय पाच मिनिटांचा होता. अडचण एवढीच की ग्रबचा, म्हणजे संगणक सुरू होताना कर्नल निवडणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू लपवलेला होता. मी शाळेतील बाईंना फोनवर सांगितले की संगणक सुरू होताच एस्केप दाबा. घाईत त्यांच्याकडून ती कळ दोन-तीनदा दाबली गेली आणि त्या म्हणाल्या, "दादा, सगळा पडदा काळा झालाय, कोपऱ्यात नुसतं ग्रब लिहिलंय. मी काही बिघडवलं का?" त्यांनी काहीही बिघडवले नव्हते. एस्केप जास्त वेळा दाबली की मेनूऐवजी ग्रबची आज्ञा-ओळ उघडते. तेथे 'नॉर्मल' हा शब्द टाइप करून एंटर आणि लगेच एकदाच एस्केप दाबली की मेनू मिळतो. परंतु वर्गात चाळीस मुले बसलेली असताना हे फोनवरून समजावण्यात अख्खी तासिका गेली.

तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे की ज्या संगणकावर कर्नल आपोआप बदलतो, त्यावर बूट मेनू ५ सेकंद तरी दिसलाच पाहिजे. 'ग्रब टाइमआउट स्टाइल' हे मूल्य 'हिडन'ऐवजी 'मेनू' करावे, टाइमआउट ५ ठेवावा आणि 'अपडेट-ग्रब' चालवावे, एवढेच काम आहे. जुना कर्नल जपून ठेवायचा आणि त्याच्याकडे जाणारे दार मात्र झाकून टाकायचे, हे मला पटत नाही. आपले मत काय?

मिरज जंक्शन

आपली अडचण समजली, तरीही मी नेमका उलट निष्कर्ष काढला आहे. एका घाऊक व्यापाऱ्यांच्या कार्यालयात मी मेनू १० सेकंद दिसेल असे करून ठेवले होते. तेथील मुख्य संगणकावर सर्वांचे सामायिक फोल्डर असते. एका सकाळी वीज गेली आणि परत आली, संगणक आपोआप सुरूही झाला, पण कीबोर्डवर कोणीतरी जाडजूड खतावणी ठेवलेली होती. मेनू समोर असताना कोणतीही कळ दाबली गेली की उलटी गणती थांबते, आणि ती थांबली. साडेदहापर्यंत तो संगणक मेनूवरच उभा होता आणि बाकीच्या दोघांना आदल्या दिवशीची बिले उघडता येत नव्हती.

शिवाय, मेनू दिसायला हवा त्या वेळी उबुंटू तो स्वतःहून दाखवते. मागचे बूट पूर्ण झाले नाही तर 'रेकॉर्डफेल' ही खूण ग्रबच्या नोंदीत शिल्लक राहते आणि पुढच्या वेळी मेनू ३० सेकंद दिसतो. ज्यांना कर्नल म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्यांना रोज सकाळी कर्नलची यादी का दाखवायची?

विश्रामबाग

खतावणीचा प्रसंग मी गंभीरपणे घेतो. ज्या संगणकासमोर सुरू होताना माणूस नसतो, तेथे मेनू लपवणेच योग्य, हे मी मान्य करतो आणि माझे म्हणणे तेवढ्यापुरते मागे घेतो.

परंतु रेकॉर्डफेलचा आधार येथे लागू पडत नाही. ती खूण बूट अर्धवट राहिले तरच शिल्लक राहते. शाळेतील चारही संगणक व्यवस्थित सुरू झाले होते, डेस्कटॉपही आला होता, फक्त वायफाय नव्हते. ग्रबच्या दृष्टीने सर्व काही सुरळीत होते. नव्या कर्नलमुळे पडद्यावर नुसती अक्षरे येऊन संगणक अडकणे हे मी क्वचित पाहिले आहे. आवाज जाणे, वायफाय जाणे, पडद्याचे रिझोल्यूशन बिघडणे हेच अधिक वेळा पाहिले आहे, आणि यांपैकी एकाही वेळी मेनू आपोआप दिसत नाही.

पोवई नाका

मला हा वादच दुसऱ्या पायरीवरचा वाटतो. मेनू दिसो वा न दिसो, चालू असलेला कर्नल कोणाला न विचारता बदलतो, हे मूळ दुखणे आहे. साताऱ्यात एका कारखान्यातील मापनयंत्राला जोडलेला संगणक माझ्याकडे असतो. मी आधी ग्रबच्या सेटिंगमध्ये डिफॉल्ट म्हणून उपमेनूतील जुन्या कर्नलचा क्रमांक घातला होता. पुढच्या अपडेटला नवा कर्नल यादीत सर्वांत वर आला, खालचे सगळे एकेक पायरी सरकले आणि तोच क्रमांक भलत्याच कर्नलवर जाऊन बसला. म्हणून मग मी कर्नलचे मेटापॅकेज (दर वेळी नवा कर्नल ओढून आणणारे पॅकेज) 'एपीटी-मार्क होल्ड'ने रोखून धरले. गेले वर्षभर त्या यंत्राने एकदाही त्रास दिलेला नाही.

गणपती पेठ

पोवई नाका यांच्या क्रमांकाच्या अनुभवाशी पूर्ण सहमत आहे. डिफॉल्ट ठरवायचाच असेल तर नोंदीच्या आयडीने (ओळखनावाने) ठरवावा, क्रमांकाने कधीही नाही. मात्र त्यातही एक खाच आहे. तो कर्नल पुढे कधी काढून टाकला गेला आणि आयडी जुळेनासा झाला, तर ग्रब तक्रार न करता यादीतील पहिली नोंद उचलते.

वर्षभर कर्नल रोखून धरण्याला माझा ठाम विरोध आहे. २०२२ मध्ये उघड झालेली 'डर्टी पाइप' ही त्रुटी ५.८ पासूनच्या कर्नलमध्ये होती. तिच्यामुळे साध्या वापरकर्त्याला केवळ वाचण्याची परवानगी असलेल्या फाइलींतही लिहिता येत होते आणि त्यावरून रूटचे, म्हणजे संपूर्ण संगणकाचे, अधिकार मिळवता येत होते. ती ५.१६.११, ५.१५.२५ आणि ५.१०.१०२ या आवृत्त्यांत दुरुस्त झाली. त्या काळात ज्यांनी कर्नल रोखून धरला होता, त्यांचे दार उघडेच राहिले. कारखान्यातील यंत्र नेटवर्कला अजिबात जोडलेले नसेल तर गोष्ट वेगळी. शाळेच्या कक्षात, जेथे एकाच संगणकावर दिवसभरात अनेक मुले बसतात, तेथे हा उपाय मुळीच चालणार नाही.

मी करतो ते असे. डिफॉल्ट 'सेव्ह्ड' (म्हणजे आधी नोंदवून ठेवलेला) ठेवतो आणि 'ग्रब-सेट-डिफॉल्ट'ने पारखलेल्या कर्नलचा आयडी त्यात नोंदवतो. नवा कर्नल आला की 'ग्रब-रीबूट'ने तो फक्त पुढच्या एका बूटसाठी निवडतो. वायफाय, आवाज, प्रिंटर पाहतो. ठीक असेल तर तोच कायमचा डिफॉल्ट करतो. ठीक नसेल तर कोणीही नुसते बंद करून चालू केले तरी संगणक जुन्या कर्नलवर परततो, मेनू उघडण्याची गरजच पडत नाही. एक सावधगिरी मात्र हवी: बूटची फाइल प्रणाली एलव्हीएम किंवा रेडवर (डिस्क एकत्र जोडून वापरण्याच्या पद्धतींवर) असेल तर ग्रबला सुरू होताना स्वतःची नोंद पुसता येत नाही, आणि 'एकदाच' म्हणून निवडलेला कर्नल प्रत्येक वेळी येत राहतो.

मिरज जंक्शन

ही पद्धत चांगली आहे, पण यात पारखणारा माणूस दर वेळी हवा. विश्रामबाग सांगलीत आणि संगणक तासगावकडे.

आणखी एक गोष्ट, कारण जुने कर्नल जपण्याबद्दल येथे सगळेच बोलत आहेत. डिस्क एन्क्रिप्ट करून बसवलेल्या संगणकावर बूटचे विभाजन (डिस्कचा त्यासाठीचा भाग) वेगळे आणि लहान असते. ते भरले की नव्या कर्नलचे इनिट्रॅमएफएस (सुरू होताना लागणारी फाइल) अर्धवट राहते, मेनूत नोंद मात्र येऊ शकते, आणि ती निवडली की कर्नल पॅनिक, म्हणजे संगणक तेथेच ठप्प. फेडोरा या दुसऱ्या लिनक्समध्ये डीएनएफ हे पॅकेज बसवणारे साधन मुळातच ३ कर्नल ठेवते, तेवढे पुरे. उबुंटूवर 'ऑटोरिमूव्ह' (नको असलेली पॅकेजेस काढणारी आज्ञा) अधूनमधून चालवावे. ते चालू असलेल्या आणि सर्वांत नव्या कर्नलला हात लावत नाही. बूटमधील फाइली हाताने मात्र कधीही पुसू नयेत.

पोवई नाका

यंत्र नेटवर्कला जोडलेले नाही, पेनड्राइव्हने अहवाल काढतो. पण पेनड्राइव्हही बाहेरूनच येतो, त्यामुळे गणपती पेठ यांचा आक्षेप मी पूर्णपणे झटकून टाकू शकत नाही. वर्षातून दोनदा, देखभालीसाठी यंत्र बंद असते तेव्हा, होल्ड काढून त्यांच्या पद्धतीने नवा कर्नल तपासून पाहीन.

विश्रामबाग

सर्वांचे आभार. शाळेतील ११ संगणकांपैकी ७ संगणकांना तारेचे नेटवर्क आहे आणि त्यांच्यासाठी वेगळा ड्रायव्हर बांधावा लागत नाही. तेथे सर्वांत नवा कर्नलच डिफॉल्ट राहील. डोंगलवाल्या चौघांवर 'सेव्ह्ड' ठेवून दर महिन्याच्या फेरीत मी स्वतः नवा कर्नल पारखेन. मधल्या काळात ऑटोरिमूव्हने पारखलेला कर्नल काढू नये म्हणून तेवढ्या एका पॅकेजला हाताने बसवल्याची खूण करून ठेवली आहे.

मेनूचे ५ सेकंद मात्र अकराही संगणकांवर ठेवतो आहे, कारण तेथे सुरू करताना समोर नेहमी माणूस असतो. बाईंनी 'दुसरी ओळ, एंटर, मग जुना आकडा' एवढेच एका पट्टीवर लिहून प्रत्येक मॉनिटरच्या खालच्या कडेला चिकटवले आहे. परवा सहाव्या संगणकाचा आवाज गेला तेव्हा त्यांनी मला फोन न करता जुना कर्नल निवडून पाहिला. आवाज आला नाही, म्हणजे दोष कर्नलचा नव्हता, आणि मग स्पीकरची तार निघालेली सापडली.