मदत हवी आहे: गुहागरकडून चिपळूणला हॅम रेडिओवर आवाज पोहोचत नाही

खाडीकाठ: नमस्कार. आमच्या गावातील काही तरुणांनी आपत्तीच्या काळासाठी हॅम रेडिओचा (परवाना घेऊन हौशी लोक चालवतात त्या बिनतारी संपर्काचा) गट उभा केला आहे. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणशी संपर्क तुटला, तेव्हा आमच्याकडच्या नातेवाइकांना कोणतीच बातमी कळत नव्हती, म्हणून हा उद्योग. परंतु चिपळूणच्या सहकाऱ्याला आमचा आवाज ऐकूच जात नाही. पाऊस तोंडावर आला आहे, त्यामुळे अधिक शक्तीचा कोणता संच घ्यावा एवढेच कृपया लवकर सांगावे.

सड्यावरचा: आपण कोणत्या बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) बोलता, अँटेना कोणती, घर उंचावर आहे की खाली, आणि परवाना कोणत्या श्रेणीचा, यांपैकी एकही गोष्ट लिहिलेली नाही. ती कळल्याखेरीज संच सुचवणे म्हणजे रोग न विचारता औषध देणे होय.

मोर्सप्रेमी: माझ्या मते सर्वप्रथम गटातील प्रत्येकाने मोर्स (टिंब-रेघांची सांकेतिक भाषा) शिकावे. गोंगाटात जिथे आवाज विरून जातो, तिथे अत्यल्प शक्तीवर टिकटिक मात्र ओळखू येते.

खाडीकाठ: मोर्सबद्दल मी विचारलेले नाही. दोन मीटरचा बँड, १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास. ५ वॉटची हँडी (हातात धरायचा संच), तिच्यासोबत आलेली रबरी अँटेना. घर अर्थातच खाडीलगत. सर्वांचे परवाने रिस्ट्रिक्टेड (प्राथमिक) श्रेणीचे आहेत.

सड्यावरचा: 'अर्थातच' या शब्दातच आपली अडचण आहे. या बँडच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि आपल्या व चिपळूणच्या मध्ये डोंगर आहेत. ५ च्या जागी ५० वॉट केले तरी डोंगर काही बाजूला होणार नाही, बॅटरी मात्र लवकर उतरेल. पैसे शक्तीवर नव्हे, उंचीवर खर्च करावेत. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे, जिथून दोन्ही बाजूंना संपर्क होतो अशा सड्यावर (डोंगरावरच्या सपाट माळावर) एका परवानाधारकाने बसावे आणि इकडचा निरोप ऐकून तिकडे सांगावा.

वाडीतला: भर वादळात सड्यावर माणूस बसवणार? ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा आम्ही श्रीवर्धनकडे होतो; त्या वाऱ्यात अंगणात उभे राहणे कठीण होते. पुढे कित्येक दिवस वीज नव्हती आणि मोबाइल निरुपयोगी झाले होते. त्यापेक्षा मच्छीमार नौकांवरील वायरलेस संच वापरावेत, ते बंदरात सहज मिळतात.

सड्यावरचा: ते संच सागरी सेवेचे आहेत, त्यांची आपत्कालीन वाहिनी १५६.८ मेगाहर्ट्झवर असते आणि हॅम परवान्यावर तिथे बोलता येत नाही. वाऱ्याचा आपला आक्षेप मात्र रास्त आहे. माणूस वादळ ओसरल्यावरच चढवावा. बातमीची खरी निकड बहुधा तेव्हाच असते.

चाळीसमीटर: सड्याची गरजच नाही. ७.१ मेगाहर्ट्झसाठी (४० मीटरचा बँड) सुमारे २० मीटर लांबीचा डायपोल (मधोमध केबल जोडलेली तारेची अँटेना) दोन माडांमध्ये अवघ्या चार-पाच मीटर उंचीवर आडवा बांधल्यास लहरी जवळजवळ सरळ वर जातात व आयनमंडलावरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परतून डोंगरापलीकडे उतरतात. माड वाऱ्यात डोलतात, म्हणून एक टोक कप्पीवरून घेऊन त्याला वजन लटकवावे; घट्ट बांधलेली तार पहिल्याच झोडीत तुटते. रात्री उशिरा हा बँड जवळच्या अंतराला साथ देईनासा होतो, तेव्हा ८० मीटरवर जावे लागते.

मोर्सप्रेमी: आणि त्या बँडवरील खरखरीत मोर्सच कामी येईल.

चाळीसमीटर: रिस्ट्रिक्टेड श्रेणीच्या परीक्षेत मोर्स नाही, हे आपणही जाणता. पावसाच्या तोंडावर या मुलांना नव्या अभ्यासाला बसवू नये.

खाडीकाठ: एचएफ संच (४० आणि ८० मीटरच्या बँडसाठी लागतो तो) यंदा आमच्या आवाक्याबाहेर आहे. काल एकाला सड्यावर पाठवले. त्याला चिपळूण स्पष्ट ऐकू आले आणि आमचाही आवाज तुटक का होईना, पोहोचला. आता घराच्या कौलांवर बाहेरची अँटेना लावणार आहोत. संचापासून अँटेनापर्यंत आरजी-५८ प्रकारची केबल १५ मीटर लागेल, चालेल ना?

सड्यावरचा: १४५ मेगाहर्ट्झवर तेवढ्या लांबीत जवळपास निम्मी शक्ती केबलच खाऊन टाकते. आरजी-२१३ ही जाड केबल घ्यावी, किंवा संच छपराजवळ नेऊन केबल आखूड करावी. जोडावर पाणी न शिरणारी टेप गुंडाळावी. खाऱ्या हवेत उघडा जोड फार दिवस टिकत नाही. वीज कडाडू लागण्यापूर्वीच केबल संचापासून काढून घराबाहेर ठेवावी. आणि निरोप सांगताना क्रमांक, वेळ, कोणाकडून, कोणासाठी आणि मजकूर हा क्रम ठेवून ऐकणाऱ्याकडून तो परत वाचून घ्यावा; मधला माणूस स्वतःच्या शब्दांत सांगू लागला की 'औषध हवे' याचे 'डॉक्टर हवा' होते.

वाडीतला: हँडीच्या बॅटऱ्या वीज नसताना कशावर चार्ज करणार, हे कोणीच विचारले नाही.

खाडीकाठ: मोटारसायकलच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरून. त्यासाठी योग्य चार्जर कोणाकडे असल्यास कळवावे.