मदत हवी आहे: सीको ६२मासची नवी आवृत्ती जुन्याच्या किती जवळ?

राजेहो, जाणकारांनी जरा सांगा. १९६५ ची सीको ६२मास, म्हणजे जपानची पहिली डायव्हर (पाणबुड्यांसाठीची) घड्याळ, मनात बसली आहे. अस्सल जुनी घ्यायची हिंमत नाही, डायल रंगवलेली निघाली तर इकडे वणीकडे दाखवायचं कोणाला?

मग सीकोचीच २०२० ची नवी आवृत्ती, एसपीबी१४३ पाहिली. रुंद चौकोनी खुणा, जाड काटे, सरळ लग (पट्टा बसतो ते कान), रूप तेच. जुनीत तारखेची खिडकी तीनवर होती, हिच्यातही तीनवरच. २०१७ ची एसएलए०१७ ही आवृत्तीही आहे, पण तिची किंमत ऐकूनच घाम फुटतो बाप्पा.

काच ॲक्रिलिकची सफायर झाली, पाण्यात टिकायची खोली १५० मीटरची २०० झाली, त्याचं काही नाही. आपली विहीर कुठं तेवढी खोल!

खरा प्रश्न मापाचा. जुनी ३८ मिमीच्या आत-बाहेर, ही ४०.५. माझं मनगट बारीक, फोटोवरून अंदाज येत नाही. कोणी दोन्ही हातात घालून पाहिल्यात का? जाडी जाणवते का? नागपुरात कोणाकडे असेल तर येऊन पाहीन, चहा माझ्याकडून.