मदत हवी आहे: क्षमा झाली, मग परिणाम का उरले?

सर्वांना जय ख्रिस्त. तरुणांच्या बायबल अभ्यासात 2 शमुवेल 12 घ्यायचा आहे आणि एका जागी मी अडकलोय. राजा दावीद आपलं पाप (बथशेबेशी व्यभिचार आणि तिचा नवरा उरीया याला मारवणं) कबूल करतो, संदेष्टा नाथान लगेच सांगतो की परमेश्वराने तुझं पाप दूर केलं आहे, तू मरणार नाहीस. इथवर ठीक. पण पुढच्याच वचनात त्या संबंधातून झालेलं बाळ मरणार हे कळतं, आणि त्याच्या घराण्यावरची तलवार हटणार नाही हे तर आधीच सांगून झालेलं असतं. पुढे त्याचे मुलगेही गेले: अम्नोन गेला, अबशालोम गेला. मग क्षमा नेमकी कशाची झाली?

ही शिक्षा नव्हे, बाप लेकराला लावतो ती शिस्त आहे (इब्री 12), हे उत्तर मला ठाऊक आहे. दावीदाला ते लागू पडेलही. त्या बाळाचं काय? मुलं हे विचारणारच, आणि ‘देवाची योजना’ म्हणून वेळ मारून नेणं मला पटत नाही.

उलट येशूचा शिष्य पेत्र बघा. येशूला तीनदा नाकारूनही योहान 21 मध्ये मेंढरं (म्हणजे येशूचे अनुयायी) त्याच्याच हाती सोपवली जातात. जकातदार जक्कय मात्र कुणी न सांगता लुबाडलेलं चौपट परत द्यायला निघतो (लूक 19). तर भरपाई हा पश्चात्तापाचाच भाग मानायचा की त्याचं फळ? कॅथलिक परंपरेत पापक्षमेनंतरही प्रायश्चित्त असतं. त्यामागचं कारण कुणी सोप्या भाषेत सांगेल का? आणि बाळाच्या मृत्यूवर कुणी वर्गात बोललं असेल, तर काय बोललात तेही लिहा. तयार प्रवचनं नकोत, ती माझ्याकडे ढीगभर आहेत.